वाकडा ऑर्व्हल

माझ्या बाबांचं नाव ऑर्व्हल. खाणीच्या बुटक्या बोगद्यांत गुडघ्यांवर सरपटून त्यांची पाठ तेवढी वाकली होती, बाकी माणूस सुतासारखा सरळ. आणि शिबिराच्या दारात फळ्यावर खडूने लिहिलेलं काय, तर ‘सकाळचा बँजो वर्ग, ओकच्या झाडाखाली. या आठवड्याची धून: वाकडा ऑर्व्हल.’ माझ्या डोक्यात तिडीकच गेली. खांद्याला बँजो, काखेत उशी, अशी मी तिथेच उभी राहिले.

"वाकडा कोण गं?" मी टेबलामागच्या पोरीला विचारलं.

"अय्या! तुम्हीच का मिस रेथा? ऑर्व्हलची मुलगी?" ती टेबलाला वळसा घालून आली आणि माझ्या गळ्यातच पडली. "आम्ही सगळे तुमची केव्हाची वाट बघतोय!"

मी जन्मभर शाळेची बस चालवली. गळ्यात पडणारी पोरं मला नवीन नाहीत, पण ती जेमतेम आठ वर्षांची असतात. मी तिला अलगद बाजूला केलं आणि खोली कुठे ते विचारलं.

मी काही हौसेने आले नव्हते. आई आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांच्या घरात, वृद्धाश्रमात होती. हिवाळ्यापासून तिने तोंडातून शब्द काढला नव्हता. मी रोज जायचे, तिचे केस विंचरायचे, आणि ती माझ्याकडे बसस्टॉपवरच्या अनोळखी बाईकडे बघावं तशी बघायची. ऐकायलाही जेमतेमच यायचं. डॉक्टर म्हणाले होते, झाडांची पानं लाल होईपर्यंत टिकल्या तर नशीब. मला एवढंच हवं होतं, जाण्याआधी तिने मला एकदा ओळखावं. एकदा ‘रेथा’ म्हणावं, बास. चिडून म्हटलं असतं तरी चाललं असतं.

तिथल्या नर्सने सांगितलं, जुनं गाणं लावून बघा. भजनं लावली, काही नाही. बाबांच्या वाजवण्याची एक जुनी टेप होती, ती फोनवर लावली, तर तिने माशी हाकलावी तसा फोन दूर सारला. डब्यातून येणारा आवाज आईला कधीच माणसाचा वाटला नाही. मग एक दिवस मी बाबांचा बँजो सहज तिच्या खोलीत नेला, खुंटीवरची धूळ पुसून. चामड्यावर नुसती टिचकी मारली आणि तिने मान वळवली. तेवढंच. पण कितीतरी महिन्यांत तिने कशासाठी मान वळवली नव्हती.

आता पंचाईत अशी की मला वाजवता येत नव्हतं. आमच्याकडे बँजो खुंटीवर असायचा आणि खुंटी बाबांची होती. शिबिरवाले दर वर्षी बोलावत होते, दर वर्षी मी पत्र चुलीत घालत होते. या वर्षी हो म्हटलं. काखेत कळसा नि गावाला वळसा. स्वतःच्या बापाची धून शिकायला मी डोंगर ओलांडून गेले, आणि शिकवणारा कोण, तर बोस्टनचा.

ग्रेडन त्याचं नाव. तिशीचा, दाढीवाला, दंडावर गोंदलेला बँजो. चांगला मुलगा होता, खोटं कशाला बोलू. सकाळी ओकच्या सावलीत आम्ही गोल करून बसायचो. बरेचसे निवृत्त, बरेचसे शहरातले. माझ्या शेजारी नॉर्मन नावाचा दातांचा डॉक्टर होता. जन्मभर लोकांच्या तोंडात हात घालून आता बँजोच्या मागे लागलेला. वरच्या अंगाला तंबूत ब्लूग्रासवाले, म्हणजे नव्या, वेगवान पद्धतीने वाजवणारे. बोटांत धातूच्या नख्या चढवून ते सुरांचा नुसता पाऊस पाडायचे आणि एकेक जण पुढे येऊन आपली करामत दाखवायचा. आमच्या जुन्या पद्धतीत करामत नाही. सगळ्यांनी मिळून तीच धून वाजवायची, पुन्हा पुन्हा, ज्याने सुरू केली तो पाय उचलून दाखवेपर्यंत. पाय उचलला की ती शेवटची फेरी.

"नखाच्या पाठीने खाली मारा," ग्रेडन सांगायचा, "आणि अंगठा वरच्या आखूड तारेवर. दार ठोठावल्यासारखं. ओरबाडू नका, मिस रेथा."

"ओरबाडत नाहीये. बोटंच तशी आहेत."

"नाचता येईना अंगण वाकडं," नॉर्मन पुटपुटला.

"तुमचं अंगण बघितलंय मी, डॉक्टर. तिथे तर झाडूसुद्धा फिरलेला नाही."

सगळे हसले. मीही हसले. पहिले दोन दिवस तसे बरे गेले. संधिवाताची बोटं संध्याकाळी गरम पाण्यात बुडवून बसायचे, पण हात वळू लागला होता. ग्रेडन धून तुकड्या-तुकड्याने भरवायचा, चिमणीने पिलाला भरवावं तसा.

मग आम्ही त्या जागेवर आलो.

धुनेचा दुसरा भाग उंच सुरात चढतो आणि उतरायच्या आधी, ग्रेडन म्हणाला, तिथे थांबा. "इथे जादूची जागा आहे. इथे ऑर्व्हल एक ठोका जास्त घेतात. अंगठा आखूड तारेवर एकटाच वाजत राहतो, आणि मग खाली. म्हणून ही वाकडी. अख्ख्या डोंगरात असं कुणी वाजवत नाही. कुठून आलं असेल हे? कुणी म्हणतं, आयर्लंडहून. कुणी म्हणतं, आफ्रिकेहून."

त्याने वाजवून दाखवलं. उंच सूर, मग ती एकटी तार, टिंग, आणि मग खाली.

तो ठोका कुठून आला ते मला ठाऊक होतं. आमच्या स्वयंपाकघरातून.

बाबांच्या छातीत कोळसा बसला होता. शेवटच्या हिवाळ्यात ते चुलीजवळच्या खुर्चीवर बसूनच झोपायचे, आडवं झालं की बुडाल्यासारखं व्हायचं. तरी जेवण झालं की बँजो घ्यायचे. आई खुर्चीमागे उभी. उंच जागी हात ताणला की त्यांना खोकल्याची उबळ यायची, हटकून तिथेच. आईचा हात आधीच पाठीवर गेलेला असायचा. ती खालून वर चोळायची आणि म्हणायची, "गिळू नको. निघू दे." बाबा खोकायचे, कॉफीच्या रिकाम्या डब्यात थुंकायचे, काळं, आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे. त्या धुनेला आमच्या घरात नावसुद्धा नव्हतं. आई म्हणायची, "माझी वाजव," की बाबा ती वाजवायचे.

त्या हिवाळ्यात विद्यापीठातून एक माणूस बाबांचं वाजवणं टेप करायला आला. त्याने आईला सांगितलं, "बाई, जरा बाजूला व्हाल का? तुमच्या हाताने शर्टाची सरसर ऐकू येते." आई गुमान चुलीच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. मी दारात होते. बाबा उंच जागी पोचले, आणि उबळ आली, आणि टेप खराब होऊ नये म्हणून त्यांनी ती गिळली. गळ्याची घाटी वरखाली झालेली मी बघितली. अंगठा तेवढा चालू राहिला. टिंग. मग खाली. प्रत्येक फेरीला गिळली. तो माणूस खूश होऊन गेला. त्याची गाडी खोऱ्यातून बाहेर पडल्यावर बाबा जे खोकायला लागले ते अंधार पडेपर्यंत. आई पाठ चोळत नुसतं म्हणत होती, "गिळलंस ना? त्या परक्या माणसासाठी गिळलंस ना?" वसंत यायच्या आत ते गेले.

आणि आता ओकच्या झाडाखाली इतकी सगळी माणसं मन लावून माझ्या बापाचा गिळलेला खोकला वाजवत होती. टिंग. पुन्हा एकदा, सगळ्यांनी. टिंग.

"थांबा," मी म्हटलं. कुणी ऐकलं नाही, म्हणून बसमध्ये ओरडायचे तशी ओरडले, "थांबा म्हणते ना!"

सगळे थांबले.

"तो ठोका नाहीये. त्यांना श्वास येत नव्हता. खोकला आला होता आणि त्यांनी गिळला. आयर्लंड नाही नि आफ्रिका नाही. धून सरळ आहे. माझा बाप सरळ वाजवायचा, आणि तुम्ही त्याच्या दुखण्याला वाकडं म्हणून नाव दिलंय."

मला वाटलं होतं, ते ओशाळतील. पण मागून एक बाई डोळे पुसत म्हणाली, "बाप रे. किती सुंदर."

"सुंदर?" मी म्हटलं.

"म्हणजे, त्यात त्यांचा श्वासच आहे ना. आता तर मला हे आणखी जपून वाजवावंसं वाटतंय."

दोघा-तिघांनी माना डोलावल्या. नॉर्मनने काहीतरी लिहूनसुद्धा घेतलं. माझी बस असती तर एकेकाला उतरवून पायी घरी पाठवलं असतं. मी बँजो उचलला आणि चालू लागले.

दुपारी ग्रेडन मला शोधत आला. मी जेवणघराच्या मागच्या पायऱ्यांवर बसले होते, ताटलीतला मक्याचा पाव नुसता कुस्करत. तो एक पायरी सोडून खाली बसला.

"मिस रेथा, मला माहीत नव्हतं."

"तुला कसं असणार."

"मी ती टेप शाळेत असल्यापासून ऐकतोय. तुमच्या बाबांमुळे मी बँजो घेतला. माझा बाप घर सोडून गेला तेव्हा मी दुसरं काही ऐकतच नव्हतो." तो जमिनीकडे बघत बोलत होता. "आता ते ऐकताना मला मळमळेल."

"मळमळू दे," मी म्हटलं. मग मलाच वाईट वाटलं. पोराचा काय दोष? त्याला जे मिळालं ते त्याने जपलं होतं. "हे बघ, मला ती सरळ शिकव. आईसाठी हवीय. आईने दुखण्याआधीची ऐकली आहे, कितीतरी वर्षं. ती वाजली तर कदाचित..."

"मला सरळ येत नाही हो. तुम्ही गुणगुणा."

मी गुणगुणले. माझा आवाज म्हणजे बसचा हॉर्न, पण तो डोळे मिटून ऐकत राहिला. मग त्याने बँजो मांडीवर घेतला आणि वाजवलं. उंच सूर, आणि लगेच खाली, कुठेही न अडखळता, ओढ्याच्या पाण्यासारखं. बाबा असे वाजवायचे. मी लहान होते, ते अंघोळ करून बसलेले असायचे, मानेवरच्या सुरकुत्यांत तेवढा काळा रंग उरलेला, आणि श्वास पोटापासून यायचा. मी पायऱ्यांवर बसून ढसाढसा रडले. ग्रेडन बिचारा वाजवतच राहिला, थांबावं की नाही हे त्याला कळेना.

उरलेले दिवस त्याने मला एकटीला सरळ शिकवली. पण हाताला आधी वाकडीच लागली होती. बोटांना एकदा वळण पडलं की ती धन्याचं ऐकत नाहीत. मन सरळ म्हणायचं आणि अंगठा त्या जागी आपला टिंग करून मोकळा व्हायचा. मी अंगठ्यावर चापटी मारायचे. ग्रेडन म्हणायचा, "रागावू नका त्याच्यावर, घाबरतो तो." शेवटी दहातून सहा-सात वेळा सरळ यायला लागली.

शेवटच्या दिवशी सकाळी शिबिराचा कार्यक्रम. आमचा अख्खा वर्ग मंचावर, खाली तिथल्या गावातली माणसं खुर्च्या टाकून बसलेली. ग्रेडनने आधीच येऊन सांगितलं होतं, "मी सरळ वाजवायला सांगितलं सगळ्यांना, पण इतक्यात हात बदलणार नाहीत. आणि काहींना बदलायचाच नाहीये." सुरुवात मी करायची आणि पाय मी उचलायचा, असा मान मला दिलेला होता. शिबिराच्या संचालकाने ध्वनिक्षेपकावर बाबांची कहाणी सांगितली. माझीच, मी ओरडून सांगितलेली, पण आता ती गुळगुळीत झाली होती, आणि शेवटी तो म्हणाला, "आज आपण तो श्वास ऐकणार आहोत."

मी सुरू केलं. सगळे मागून आले. उंच जागी पोचलो आणि एवढ्या बँजोंचा एकदम अंगठा. टिंग. डोळे मिटून, माना झुकवून, चर्चमध्ये झुकवतात तशा. मी पहिल्याच फेरीला पाय उचलला. चांगला गुडघ्यापर्यंत उचलला. कुणी बघितलाच नाही. डोळे मिटलेल्या माणसांना पाय काय दिसणार? ते फेरीमागून फेरी वाजवत राहिले, बाबा गिळत राहिले, आणि मी एक पाय हवेत धरून बगळ्यासारखी बसले होते. शेवटी बँजो खुर्चीवर ठेवला, पिशवी उचलली आणि मागच्या बाजूने उतरले. ग्रेडन मात्र थांबला होता. त्याने तारांवर तळहात ठेवला होता आणि तो माझ्याकडे बघत होता. नंतर तोच धावत माझा बँजो घेऊन गाडीपाशी आला.

"आईंना सरळ ऐकवा," तो म्हणाला.

मी थेट आमच्या गावात गेले. म्हाताऱ्यांच्या घरात दुपारची जेवणं उरकली होती, उकडलेल्या घेवड्याचा वास अजून व्हरांड्यात होता. आई खिडकीजवळच्या खुर्चीत होती. कुणीतरी तिला दुसऱ्याच कुणाचं निळं स्वेटर घातलं होतं.

"आई, मी आले. रेथा."

तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खिडकीकडे.

मी स्टूल ओढून अगदी तिच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये बसले, तिला पाठमोरी, म्हणजे बँजोची लाकडी कड तिच्या गुडघ्याला टेकेल आणि आवाज हाडांतून जाईल. नर्स दारात उभी राहिली. मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, आजवर तुझ्याकडे फार काही मागितलं नाही. आणि सरळ वाजवली. एकदा, दोनदा, तीनदा, कुठेही न अडखळता. आयुष्यात मी तेवढी चांगली कधी वाजवली नव्हती. बाबांची तरुणपणची, जिच्यावर ती भुलली होती ती.

मागे काहीच हललं नाही. मान वळवून बघितलं. ती खिडकीबाहेर पार्किंगमधल्या गाड्या बघत होती.

"ऐकतायत त्या," नर्स म्हणाली. बायका असं म्हणतात.

मला इतका राग आला. कुणावर ते सांगता येणार नाही. म्हटलं, आणखी एकदा, मग पुरे. बोटं दुखत होती, डोळे भरले होते, तारा दिसत नव्हत्या. उंच जागी पोचले आणि अंगठ्याने दगा दिला. टिंग.

आणि माझ्या पाठीवर हात आला.

मी हललेसुद्धा नाही. हात खालून वर गेला, पुन्हा खालून वर. हाडं झालेला हात, पण दाब तोच. धून माझ्या हातात तशीच अर्धी राहिली.

"गिळू नको," आई म्हणाली. आवाज गंजलेला, पण शब्द स्वच्छ. "ऑर्व्हल. गिळू नको रे. तो माणूस गेला आता. निघू दे."

मी म्हणणार होते, आई, मी रेथा. ओठांवर आलं होतं. त्याच्याचसाठी तर आले होते मी. पण तिचा हात माझ्या पाठीवर थांबला होता. ती वाट बघत होती. इतकी वर्षं ती चुलीपाशी उभी राहून वाट बघत होती, आणि खोकला येत नव्हता. हात गोंधळला, जरासा उचलला गेला, आता निघून जाणार.

तेव्हा मी खोकले. छातीतून, जेवढा जमेल तेवढा, त्यांच्यासारखा. आधी खोटा, मग खराच लागला, थांबेना.

"हं," आई म्हणाली आणि पाठ चोळू लागली. "अस्सं. येऊ दे सगळं."